‘जंत’ या एका शब्दात किती प्राणी कोंबणार?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत कृमींवर पानभर लेख आला, याचा आनंद आहे. एरवी या प्राण्यांना छापात जागा मिळते ती पोटदुखीच्या निमित्तानेच. मात्र लेखात प्लॅनेरिया, पट्टकृमी, जंत आणि गांडूळ हे सगळे एकाच पोत्यात भरले आहेत आणि मग एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवले आहेत. ‘कृमी कापला की त्याचे दोन होतात’, ‘मेंदूत कृमी जातो तो मांसाहार करणाऱ्यांच्याच’, ‘जंताची गोळी घेतली की सगळे कृमी पडतात’ ही तिन्ही विधाने त्याच पोत्यातून निघालेली. पहिल्याने फारसे कोणाचे बिघडत नाही. उरलेल्या दोहोंनी बिघडू शकते, म्हणून हे लांबलेले पत्र.

‘कृमी’ हे मुळात कुळाचे नाव नाही. लांबट, मऊ, बिनपायाचा दिसला की कृमी, एवढाच त्याचा अर्थ. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात प्राण्यांची वर्गवारी केली तेव्हा ‘व्हर्मीस’ नावाच्या गटात गोगलगायी, शंख आणि जेलीफिशसुद्धा ढकलले होते. तो गट केव्हाच मोडीत निघाला. १९९७ साली जनुकांच्या तुलनेतून पुढे आले की गोलकृमी, म्हणजे आपले नेहमीचे जंत, हे कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या फांदीवरचे आहेत. त्याच फांदीवर कीटक आणि खेकडे बसतात. चपटे कृमी, म्हणजे प्लॅनेरिया, पट्टकृमी, यकृतकृमी वगैरे, दुसऱ्या फांदीवर, गांडूळ आणि गोगलगायीच्या बाजूला. थोडक्यात, पोटातला जंत नात्याने पट्टकृमीपेक्षा झुरळाला जवळचा. दोघे एकाच आतड्यात राहतात, पण ते शेजारी आहेत, भाऊबंद नव्हेत.

ओळखायची खूण आडव्या छेदात आहे. गांडुळाचा आडवा छेद भिंगाखाली धरला तर नळीत नळी दिसते: बाहेर शरीराची भिंत, मध्ये आतडे, दोहोंमध्ये द्रवाने भरलेली पोकळी, आणि त्या पोकळीला सगळीकडून स्वतःचे अस्तर. जंतातही नळीत नळी आहे, पण पोकळीला आतड्याच्या बाजूचे अस्तर नाही आणि शरीराचे खंड पडलेले नाहीत. चपट्या कृमीत पोकळीच नाही. त्वचा आणि आतडे यांच्यामधली सगळी जागा मऊ पेशींनी गच्च भरलेली असते.

पोकळी नाही, रक्त नाही, हृदय नाही, श्वसनाचे इंद्रिय नाही. मग आतल्या पेशीला ऑक्सिजन पोचवणार कोण? तो कातडीतून झिरपत जातो, आणि झिरपण्याचा हिशेब कडक असतो: अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. त्यामुळे कोणतीही पेशी पृष्ठभागापासून मिलिमीटरभरापेक्षा दूर असून चालत नाही. हा प्राणी लांबीला वाढू शकतो, रुंदीला वाढू शकतो, जाडीला नाही. चपटेपणा हा त्याचा नुसता आकार नाही, ती त्याची अट आहे. अन्नाचेही तेच. ते वाहून न्यायला रक्त नसल्याने आतडेच फांद्या फुटून अंगभर पसरते.

हे पाहायचे तर प्लॅनेरियासारखा प्राणी नाही. गोड्या, स्वच्छ पाण्यातल्या दगडांच्या खालच्या अंगाला तो चिकटलेला असतो. लांबी साधारण एक-दीड सेंटिमीटर, रंग तपकिरी. उथळ बशीत ठेवून समोर कच्च्या काळजाचा मुगाएवढा तुकडा टाकावा. तो काचेवरून सरकत येतो. पोटाखालचे बारीक केस स्वतःच सोडलेल्या चिकट थरावर वल्ह्यासारखे चालतात, म्हणून शरीर न हलता पुढे गेल्यासारखे वाटते. तुकड्यावर पसरला की डोके बाजूलाच राहते आणि पोटाच्या मध्यावरून एक पांढरी नळी बाहेर येते. ती ग्रसनी. ती तुकड्यात घुसते आणि खाद्य ओढून घेते. थोड्या वेळाने फिकट अंगातून आतड्याचा नकाशा उमटतो: एक फांदी डोक्याकडे, दोन शेपटीकडे, आणि प्रत्येकीला बारीक उपफांद्या. न पचलेले उरते ते त्याच नळीतून परत बाहेर. गुदद्वार नाहीच.

डोक्यावरचे दोन डोळे तिरळे वाटतात. काळा भाग म्हणजे रंगद्रव्याची वाटी आणि शेजारचा पांढरा भाग म्हणजे रंग नसलेली त्वचा. त्या वाटीमुळे प्रकाश कोणत्या बाजूने येतो एवढे कळते, चित्र दिसत नाही. दोन्ही बाजूंचे ‘कान’ हे कान नव्हेत. तिथे पाण्यातली रसायने ओळखणाऱ्या पेशी असतात, म्हणजे काम नाकाचे. अंगात शिरणारे जादा पाणी बाहेर काढायला सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते आणि नळ्यांच्या टोकाच्या पेशीत केसांचा झुबका ज्योतीसारखा फडफडतो. मेंदू दोन गाठींचा, तिथून मागे जाणाऱ्या दोन मज्जारज्जू आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, हुबेहूब शिडी. शिवाय प्रत्येक प्राण्यात नर आणि मादी दोन्हींचे अवयव. लेखात याला ‘अत्यंत साधा जीव’ म्हटले आहे. साधेपणाची व्याख्या जरा सैल झाली आहे, एवढेच म्हणतो.

उपासमारीतले त्याचे वागणे तर वेगळेच. अन्न मिळाले नाही तर तो मरत नाही, लहान होतो. पेशी आक्रसत नाहीत, त्यांची संख्या घटते, आणि तरीही डोके, ग्रसनी, शेपूट यांचे प्रमाण कायम राहते. खायला मिळाले की पुन्हा वाढतो.

आता कापण्याविषयी. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ साली प्लॅनेरियाचे तुकडे करत करत दाखवले की शरीराच्या २७९व्या हिश्शाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी उभा राहतो. हे जमते ते त्याच्या मूलपेशींमुळे, म्हणजे हव्या त्या प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींमुळे. अंगातल्या पेशींपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या पेशींचा असतो. २०११ साली किरणोत्साराने मूलपेशी नष्ट केलेल्या प्लॅनेरियात निरोगी प्राण्याची एकच मूलपेशी सोडली गेली, आणि तेवढ्यावर तो मरणारा प्राणी सावरला. या पेशी ग्रसनीत आणि डोळ्यांच्या पुढच्या टोकात नसतात, म्हणून नेमके तेवढेच तुकडे कापले तर त्यातून काही उगवत नाही.

शाळेत हा प्रयोग करता येतो, पण लेखातल्या ‘कापा आणि पाहा’ या सूचनेने बशीत बहुधा चिखलच उरेल. प्राणी कापण्याआधी सात दिवस उपाशी ठेवावेत. भरल्या आतड्यातले पाचकरस जखमेत सांडले की तुकडा विरघळतो. पाणी क्लोरीनविरहित हवे. नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवून साधा क्लोरीन उडतो, पण शुद्धीकरणात क्लोरामाइन वापरला असेल तर तो तसा उडत नाही. त्यापेक्षा बाटलीतले झऱ्याचे पाणी बरे. निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी नको, त्यात क्षार नसतात. तापमान १८ ते २२ अंश, जागा अंधारी, बशी साबणाने कधीही न धुतलेली. बर्फावर पांढरा ओला कागद ठेवून त्यावर प्राणी ठेवला की तो थंडीने सुस्तावतो आणि ताणून पसरतो. मग नव्या पात्याने एकाच दाबात छेद घ्यावा. करवतीसारखे पाते फिरवले की कडा चुरडतात. एक छेद डोक्यामागे, एक ग्रसनीच्या मागे. तिन्ही तुकडे वेगवेगळ्या बश्यांत, रोज निम्मे पाणी बदलायचे, खायला काही द्यायचे नाही. तोंड नसलेल्या तुकड्यापुढे टाकलेले खाद्य फक्त कुजते.

पहिल्या तासाभरातच स्नायू आवळून जखम मिटते. दोन-तीन दिवसांत कापलेल्या कडेला रंग नसलेला पांढरट उंचवटा दिसतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके येतात, आणि दोन आठवड्यांत तीन लहान पण पूर्ण प्राणी तयार होतात. तुकडा नवा ऐवज आणत नाही, आहे त्याच मालाची फेरमांडणी करतो, म्हणून तो आधीच्यापेक्षा लहान होतो. दोन डोक्यांचा प्लॅनेरिया करायचा असेल तर डोके मधोमध उभे चिरतात. पण दोन अर्धी पुन्हा सांधली जातात, त्यामुळे तीच चीर पुढचे एक-दोन दिवस पुन्हा उघडावी लागते. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो.

बरे, सगळे प्लॅनेरियासुद्धा यात सारखे नाहीत. डेंड्रोसीलम नावाच्या दुधी रंगाच्या प्रजातीत मागच्या अर्ध्यातून डोके उगवतच नाही. २०१३ साली त्या तुकड्यातले बीटा-कॅटेनिन हे एकच प्रथिन बनणे थांबवले तेव्हा मात्र डोके आले. क्षमता होती, पण ‘इथे शेपूट कर’ हा संदेश तिच्यावर बसला होता.

गांडुळाला हे काहीच लागू नाही. गांडूळ मधोमध कापले की दोन गांडुळे होतात हा समज फार जुना, आणि लेखाने त्याला पुन्हा पाणी घातले. डोक्याकडच्या भागात पुरेसे खंड उरले असतील तर तो शेपूट पुन्हा करू शकतो. शेपटीकडचा तुकडा काही वेळ वळवळतो ती मज्जारज्जूची किमया. तो पुढे मरतो. जंताचे तर विचारूच नका. त्याचे शरीर म्हणजे दाबाखाली भरलेली नळी. स्नायू फक्त उभे, आडवे वेढे नाहीत. आतला दाब आणि ताठ कवच यांच्या विरुद्ध ते आळीपाळीने आवळतात, म्हणून त्याची चाल नागमोडीच असते. नळी फुटली की दाब गेला आणि प्राणी संपला. दुरुस्तीला सुटी पेशीही नसते. प्रयोगशाळांत पाळल्या जाणाऱ्या एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या गोलकृमीत प्रौढ उभयलिंगी प्राण्याच्या शरीरपेशी मोजून ९५९, त्यातल्या ३०२ मज्जापेशी, आणि वाढ संपली की त्यांचे विभाजन बंद.

उलट, ज्याला कापू नये असा एक चपटा कृमी जमिनीवर राहतो. हातोड्यासारख्या डोक्याचा बायपॅलियम ओलसर कुंड्यांतून फिरतो, गांडुळे खातो आणि अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष बाळगतो. खुरप्याने त्याचे चार तुकडे करणारा माळी त्यांची संख्या वाढवत असतो. चिमट्याने उचलून, हात न लावता, मिठाच्या पाण्यात टाकणे हाच उपाय.

पट्टकृमी चपटा खरा, पण त्याने आतडे टाकूनच दिले आहे. दुसऱ्याच्या पचलेल्या अन्नात बुडून राहायचे तर तोंड कशाला? संपूर्ण त्वचा सूक्ष्म रोमांनी झाकलेली असते आणि तीच शोषून घेते. टाचणीच्या टोकाएवढ्या शीर्षाला चार चूषक. डुकराच्या मांसातून येणाऱ्या टीनिया सोलियममध्ये त्यांच्या वर आकड्यांची दुहेरी माळ, गोमांसातून येणाऱ्या टीनिया सॅजिनाटामध्ये आकडे नाहीत. शीर्षामागची मान हा कारखाना. नवे खंड तिथे तयार होतात आणि जुने मागे ढकलले जातात, म्हणून सर्वांत जुना खंड शेपटीला. सोलियमची लांबी साधारण २ ते ७ मीटर. सॅजिनाटा त्याहून लांब होऊ शकतो. पिकलेल्या एका खंडात हजारो अंडी असतात. औषधाने मीटरभर पट्टी पडली म्हणून रोग गेला असे नाही. शीर्ष आणि मान आत राहिली तर दोन-तीन महिन्यांत खंड पुन्हा पडू लागतात. उपचारानंतर महिन्याने आणि तीन महिन्यांनी विष्ठा पुन्हा तपासतात ती याचसाठी.

आता मेंदूचे. सोलियमच्या बाबतीत दोन वाटा आहेत आणि लेखाने त्या एकमेकींत गुंतवल्या. नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातली पुटी, म्हणजे अळी असलेली बारीक पिशवी, पोटात गेली तर आतड्यात पट्टकृमी वाढतो, मेंदूत काही जात नाही. मेंदूत पुटी होते ती अंडी गिळल्यामुळे, आणि अंडी मांसात नसतात. ती येतात पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, दूषित पाणी, कच्च्या भाज्या ही त्यांची वाहने. अंडे जेमतेम ३० ते ४० मायक्रोमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे. आतड्यात ते फुटते, सहा आकड्यांची अळी भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन बसते. तेव्हा ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही त्यालाही हा रोग होतो. मेंदूतल्या पुटीमुळे झटके येणाऱ्या रुग्णाच्या घरात पट्टकृमी बाळगणारा कोणी आहे का, हे तपासायला हवे. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसा होईल’ असे म्हणून ती तपासणी टाळली जाते, आणि आपल्या लेखाने त्या समजाला छापील आधार दिला.

संसर्ग कधी होतो हेही प्रत्येकाचे निराळे. सोलियमची अंडी बाहेर पडतानाच संसर्गक्षम असतात. मोठ्या जंताची मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते, पण ताजी अंडी काहीच करू शकत नाहीत. ओलसर, सावलीच्या मातीत ती काही आठवडे मुरावी लागतात. मुलांच्या गुदद्वाराशी रात्री खाज आणणाऱ्या पांढऱ्या बारीक कृमीची अंडी अवघ्या काही तासांत तयार होतात, म्हणून तो घरभर पसरतो. त्याची अंडी विष्ठेत बहुधा सापडतही नाहीत, कारण मादी बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते. सकाळी आंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून ती काचेवर लावून पाहतात. अंकुशकृमी तर बहुधा तोंडावाटे येतच नाही. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पावलाच्या कातडीत शिरते.

यकृतकृमी (फॅसिओला) लेखात दोन ओळींत उरकला आहे. मेंढीच्या यकृतात राहणारा हा पानासारखा, तीनेक सेंटिमीटरचा प्राणी. अंडे पाण्यात पडते, त्यातून केसाळ अळी निघते आणि तिला साधारण एका दिवसात विशिष्ट जातीची गोड्या पाण्यातली गोगलगाय सापडावी लागते, नाहीतर ती मरते. सापडली तर गोगलगायीच्या आत एकीच्या शेकडो अळ्या होतात, बाहेर पडून पाणवनस्पतींवर कोष करून बसतात, आणि मेंढी ती वनस्पती खाते. हे चक्र १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ल्यूकार्ट आणि थॉमस या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे उलगडले. त्यातला व्यवहार असा की दलदलीतले चराऊ कुरण कुंपणाने तोडले, पाण्याचा निचरा केला, तर औषधाइतकाच उपयोग होतो.

राहिली गोळी. जंताची गोळी म्हणजे बहुधा अल्बेंडाझोल. ते कृमीच्या पेशीतल्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही, मग त्याला ग्लुकोज घेता येत नाही आणि तो काही दिवसांत उपाशी मरतो. मोठा जंत, अंकुशकृमी यांच्यावर ते चांगले चालते. रात्री खाज आणणाऱ्या कृमीवरही चालते, पण अंडी मरत नसल्याने दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. आतड्यातल्या पट्टकृमीला सहसा प्राझिक्वान्टेल देतात. त्याने कृमीच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, स्नायू आखडतात आणि त्वचा फाटते. मग तेच यकृतकृमीला चालेल, तोही चपटाच ना? नाही. ज्या प्रथिनावर औषध बसते त्यात फॅसिओलामध्ये फरक आहे, म्हणून त्याला ट्रायक्लाबेंडाझोल लागते. आणखी एक धोका: मेंदूत पुटी असल्याचे माहीत नसताना आतड्यातल्या पट्टकृमीसाठी प्राझिक्वान्टेल घेतले तर ते मेंदूपर्यंतही पोचते, पुटी मरतात, भोवती सूज येते आणि झटके येऊ शकतात. म्हणून झटक्यांचा किंवा न उलगडलेल्या डोकेदुखीचा इतिहास असेल तर डॉक्टर आधी मेंदूची प्रतिमा पाहतात, किंवा आतड्यातून जवळपास न शोषले जाणारे निक्लोसामाइड निवडतात. ‘वर्षातून दोनदा गोळी घ्या आणि निश्चिंत व्हा’ हा सल्ला गोलकृमींपुरता ठीक आहे.

जाता जाता चित्राबद्दल. प्लॅनेरियाच्या आकृतीत तोंड डोळ्यांच्या खाली दाखवले आहे. ते पोटाच्या मध्यावर, ग्रसनीच्या टोकाशी हवे. आणि ‘पट्टकृमीची पचनसंस्था’ अशी जी रेघ बाणाने दाखवली आहे ती त्याची उत्सर्जन नलिका आहे. लेख संकेतस्थळावर राहणार असेल तर निदान या दोन खुणा आणि मांसाहाराचे ते वाक्य तेवढे दुरुस्त करावे.

आपला,
प्राणिशास्त्र शिकवणारा एक वाचक